विकेट न मोजणारे नसरुद्दीनभाई

मी टाइमकीपर आहे. कामगार साइटवर कधी आला, कधी गेला, जेवायला किती वेळ बसला, हे लिहून ठेवणारा माणूस. नऊ वर्षं हे काम केल्यावर स्वभाव जसा व्हायचा तसा माझा झाला आहे. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की मी आधी घड्याळ बघतो. कोणी पोट धरून आला तर कुठे दुखतंय ते दोनदा विचारतो, आणि दोन्ही वेळा बोट एकाच जागी गेलं तरच त्याला दवाखान्यात जाऊ देतो.

तेव्हा नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी नसरुद्दीन होडेकर नावाचा एक वयस्क गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आमच्या मैदानावर उतरला आणि मी त्याच्यावर संशय घेतला, यात मला अजूनही काही वावगं वाटत नाही. माझी चूक झाली ती पुढे.

मैदान म्हणजे इथे कतारमध्ये बरवा अल बराहा या कामगार वसाहतीच्या मागची मोकळी जमीन. मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट ताणलेली, बाकी सगळी वाळू आणि खडी. दर शुक्रवारी सकाळी सहाला आमची लीग सुरू होते आणि जुम्याच्या नमाजाआधी संपते. आठ टीम, सगळ्या कॅम्पांतल्या पोरांच्या. आमची 'माणदेश इलेव्हन'. मी स्वतः इस्लामपूरचा, माणदेशाशी माझा काही संबंध नाही, पण स्कोअर लिहायला दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. मला लिहायची सवय होती.

नसरुद्दीनभाई रत्नागिरीकडचे. वय अठ्ठावन्न. कतारला येऊन एकतीस वर्षं झालेली, त्यातली सव्वीस गाड्यांच्या सुट्या भागांच्या एकाच दुकानात. राहायला अल वक्राला. पावणेसहाला त्यांची जुनी पांढरी गाडी यायची. ते खुर्ची उघडायचे, तिच्यावर बिनदुधाच्या चहाचा थर्मास ठेवायचे आणि स्वतः उभेच राहायचे. थोडा वेळ बॉलरच्या मागे, थोडा वेळ स्क्वेअर लेगला, मग एकदम सीमारेषेवर, जिथून मॅचमधलं काही धड दिसतही नाही. टाळी कधी वाजवली नाही. कोणाला 'शाबास' म्हणाले नाहीत. ओव्हर संपली की कधी कधी पिचपर्यंत चालत जायचे आणि गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, बॉलरचा पाय वाळूत उमटला असेल तिथे बघत राहायचे. मला पहिल्यांदा वाटलं, यांचं काहीतरी पडलंय.

आणि माझ्या टेबलाकडे ते कधीच फिरकले नाहीत. सगळ्यांना स्कोअरबुक बघायचं असतं. आउट झालेला आपले रन बघायला येतो, अंपायर ओव्हर मोजायला येतो, ज्याला काहीच काम नाही तो सावलीसाठी येतो. हा माणूस आलाच नाही. याचा अर्थ, मी मनाशी म्हटलं, याला कोणीतरी बुकाचे फोटो पाठवतंय.

कोणी म्हणायचं ते एजंट आहेत. कोणी म्हणायचं, आजारपणाचं सांगून मॅच खेळणारे शोधायला कंपनीने त्यांना पाठवलंय. ही दुसरी अफवा मीच उठवली होती, हे आता सांगून टाकतो.

खरं काय ते आमच्या बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. एका मोठ्या कंत्राटदार कंपनीची वरच्या लीगमध्ये टीम आहे. ती कंपनी दरवर्षी कॅम्पांतून दोन-तीन पोरं उचलते, त्यांचा व्हिसा आपल्याकडे ट्रान्सफर करते, दिवसा एसीत स्टोअरचं काम देते आणि संध्याकाळी प्रॅक्टिस करून घेते. पोरगा पंचविशीच्या आतला लागतो. आणि कुठला पोरगा, हे नसरुद्दीनभाई सांगतात. ते नाव देतात, मॅनेजर कागद काढतो. चौदा वर्षं हे असं चाललंय.

"याबद्दल त्यांना काय मिळतं?" मी विचारलं.

"काही नाही म्हणतात."

एकतीस वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून लोकांची पोरं बघायला फुकट येतो, यावर मी विश्वास ठेवावा असं त्या ड्रायव्हरचं म्हणणं होतं. मी नाही ठेवला.

आता हर्षलबद्दल. आटपाडीकडचा, वय बावीस, परांची बांधायच्या गँगमध्ये. आमच्या टीमचा फास्ट बॉलर. आमचा प्रोजेक्ट मार्चअखेर संपत होता आणि चाळीस जणांचे व्हिसा कॅन्सल व्हायचे होते. ती यादी मीच टाइप केली होती. तेवीस नंबरला हर्षलचं नाव होतं, हे त्यालाही माहीत होतं. मार्चच्या आत दुसऱ्या कंपनीने उचललं तर तो राहणार, नाहीतर घरी. नसरुद्दीनभाई कोण आहेत हे कळल्यापासून तो माझ्यामागे लागला होता. "अभिदादा, त्यांच्या कानावर घाला की आमचं. तुमी लिवता-वाचता मानूस. तुमचं ऐकत्याल."

कानावर काय घालायचं? तो माणूस माझ्या टेबलाकडे येत नव्हता.

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक टीम चौदा नावं आणि त्यांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स देते. त्यानंतर नाव बदलता येत नाही. पण साइटला काय त्याचं? ज्याची शुक्रवारी ड्युटी लागली तो साइटवर जातो आणि त्याची जर्सी रूममधला दुसरा कोणीतरी घालून येतो. समोरचा कॅप्टन हरकत घेत नाही, कारण त्याच्याकडेही असे दोघे असतातच. आणि मी बुकात जर्सीचं नाव लिहितो. सोमवारी कोणी दुसऱ्याच्या नावावर पंच करताना सापडला तर त्याचा अर्धा दिवस कापणारा मी, शुक्रवारी हे बिनदिक्कत लिहायचो. नाहीतर मॅचच झाली नसती.

नसरुद्दीनभाई तोवर दुसऱ्या टीमच्या मॅच बघत होते. त्यांनी आमची मॅच पहिल्यांदा पाहिली त्या शुक्रवारी हर्षलची ड्युटी लागली. त्याची सात नंबरची जर्सी घालून आला तो धोंडीराम, त्याचा रूममेट. गाव तिकडचंच. वय एकतीस. धोंडीरामने त्या दिवशी पाच विकेट काढल्या. बॉल कुठे टाकायचा हे त्याला डोळे मिटूनही कळतं. मी बुकात लिहिलं: हर्षल, पाच.

"असू द्या त्येच्या नावावर," धोंडीराम म्हणाला. "मला एकतिशीत कोन नेतोय? पोराचं तरी काम होऊ द्या."

यात याचा काय फायदा, याचा मी दोन दिवस विचार केला. काही सापडलं नाही, तरी मनातली पाल चुकचुकत राहिली.

पुढच्या शुक्रवारी हर्षल स्वतः खेळला. नसरुद्दीनभाई बॉलरच्या मागे उभे. मी देवाचं नाव घेत पेन धरून बसलो होतो, आणि पोराला एकही विकेट मिळाली नाही. स्लिपमध्ये दोन कॅच सुटले, मिडऑनला एक सुटला. एक चौकार फिल्डरच्या पायांमधून गेला. चार ओव्हर, एकोणतीस रन, शून्य विकेट.

मॅच संपल्यावर मी बुक पिशवीत घालत होतो, तेवढ्यात समोर सावली पडली. नसरुद्दीनभाई. पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी.

"तू अभिजित ना? टाइमकीपर?"

याला माझी नोकरी कशी माहीत? मी सावध झालो. "हो."

"सात नंबर," ते हळू आवाजात म्हणाले. "गेल्या शुक्रवारी एक होता, आज दुसरा. जर्सी बदलतात ता माना म्हायती हाय. माजा त्याच्याशी काय देना नाय. माना एकच सांग. खरा हर्षल कंचा?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काही दिसत नव्हतं. आमच्या ऑफिसात चोरी पकडायला येणारा प्रत्येक साहेब असंच म्हणतो, माझं काही देणंघेणं नाही, फक्त एक सांग. हा गळ आहे हे मी ओळखलं. आज शून्य विकेट काढणारा हर्षल, असं सांगितलं की हे म्हणणार, मग त्या पाच विकेट कोणाच्या? बुक खोटं ठरणार आणि पोरगा कामातून जाणार. मार्चला तीन महिने उरले होते.

"पहिला," मी म्हणालो. "पाच विकेटवाला. तोच हर्षल."

त्यांनी एकदा पिचकडे नजर टाकली. मग विचारलं, "पासपोर्टवर बावीस?"

"बावीस. झेरॉक्स दाखवू?"

"नको. आनि आजचा कोन?"

"तो असाच, बदली पोरगा. त्याचं काही नाही भाई. कॅन्सल होऊन घरी चाललाय पुढच्या आठवड्यात."

हे शेवटचं मी चौकशीला पाचर मारायला जोडलं. एकदा खोटं बोलायचं तर नीट बोलावं. नसरुद्दीनभाईंनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, खुर्चीची घडी घातली. "खलास," म्हणाले आणि गाडीकडे गेले.

मी खूश होतो. हर्षलला तसं सांगितलंही. काम फत्ते, म्हटलं, आता बोलावणं येईल बघ.

बोलावणं आलं नाही. डिसेंबर गेला, जानेवारी अर्धा गेला. मग त्याच ड्रायव्हरकडून कळलं की कंपनीने दोन पोरं घेतली, एक अल थुमामाच्या एका टीममधला, एक दुसऱ्याच कॅम्पातला. हर्षलचं नाव कोणी घेतलंही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाच विकेट डोळ्यांदेखत पाहून या माणसाने दुसऱ्याचं पोर पुढे केलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, अशी माझी खात्रीच झाली. शनिवारी दुपारी मेट्रो पकडली, वक्राला उतरून बसने त्यांच्या गल्लीत गेलो. पत्ता ड्रायव्हरने दिला होता. वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ करत होतो.

दार त्यांच्या बायकोने, हजराभाभींनी उघडलं. मी ओळख सांगितली. "आत या. ते मासे धुतात," त्या म्हणाल्या. "बाजारात अर्धा तास एकेका माशाचा कल्ला उघडून बगतात, आनि घरी आनल्यावर परत बगतात. वाटेत बदलला की काय, असा वाटता त्यांना. बत्तीस वर्सं झाली लग्नाला, माझ्या हातचा मीठ पन चाखून घेतात."

मला ही बाई आवडली, पण मी आवडून घ्यायला आलो नव्हतो. नसरुद्दीनभाई हात पुसत बाहेर आले. समोर चहा आणि सांदणं आली. मी सांदणाला हात न लावता सुरुवात केली.

"भाई, आमच्या हर्षलने तुमच्यासमोर पाच विकेट काढल्या. तरी तुम्ही त्याला घेतलं नाही. का ते मला कळलं पाहिजे."

त्यांनी सांदणाची बशी माझ्याकडे सरकवली. "तो बावीसचा नाय."

"कोण?"

"तुजा पाच विकेटवाला. तीसच्या पार हाय तो. पुढचा पाय टाकताना गुडघा वाचवतो. वाळूत खूण बघ ना, टाच नाय, सगला भार चवड्यावर. बावीसचा पोर असा पाय टाकत नाय. गुडघा गेलेला मानूस टाकतो."

ते सांगत राहिले. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एक नाव दिलं होतं. तेवीसचा म्हणून दिला, निघाला तिशीचा, पासपोर्टवरची जन्मतारीखच खोटी. कंपनीने त्याला काढला आणि पुढची दोन वर्षं कॅम्पांतून एकही पोरगा घेतला नाही. त्या दोन वर्षांत नसरुद्दीनभाईंनी चार खरे बॉलर मनात धरून ठेवले होते. चौघेही घरी गेले. त्यांची नावं भाईंना अजून पाठ होती, आणि ती त्यांनी मला एकेक करून सांगितली.

"त्याच्यापासून कागद बगायचा मी सोडला," ते म्हणाले. "बुक पन नाय बगत. विकेट काय, फिल्डरनं कॅच घेतला तर पडते. आनि तू सांगितलास हाच हर्षल, पासपोर्टवर बावीस. मी म्हटला, झाला, परत तोच प्रकार."

"आणि दुसरा?" मी विचारलं. "दुसऱ्या शुक्रवारचा?"

ते एकदम खुलले. मी त्यांना खुललेलं तेव्हाच पाहिलं. "तो पोरगा माना आवडला होता. तीन कॅच सुटले त्याच्या बॉलिंगवर, एकदा पन फिल्डरकडं हात नाय केलान. उलटा जाऊन त्या मिडऑनच्या पाठीवर थाप मारलान. आनि शेवटची ओव्हर पयल्या ओव्हरपेक्षा जोरात टाकलान. चार ओव्हर झाल्या तरी पाय त्याच जागी, विताचा पन फरक नाय. असा पोरगा सहा वर्सांत मी बगितला नवता. त्याच्यासाठीच तर तुज्याकडं आलो, नाव विचारायला. तू म्हनालास, घरी चाललाय."

हजराभाभी दारात उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नसावं. त्यांनी माझ्यासमोरचा गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणला.

मी खरं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर सगळं सांगितलं, एजंटची शंका, फोटोची शंका, मी उठवलेली अफवासुद्धा. नसरुद्दीनभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून मॅनेजरला फोन लावला. हिंदीत बोलले, बराच वेळ, नंतर नुसतेच 'हां, हां' करत राहिले. फोन ठेवून म्हणाले, जागा भरल्या. पुढच्या मोसमाला घेऊन ये म्हणतात, इन्शाल्ला. पुढच्या मोसमाला हर्षल आटपाडीत असणार होता.

"तू माज्यावर शक घेतलास, ता माना लागला नाय," ते मला दारापर्यंत सोडायला येताना म्हणाले. "मी पन सगल्यांवर घेतो. पन माना शक आला की मी जाऊन बगतो. तू बगितलास नाय."

परतीच्या मेट्रोत मी उभाच राहिलो. बसायला जागा होती.

मला वाटलं होतं की हर्षलला यातलं काही कळवायची गरज नाही. त्याचं त्याने ठरवूनही टाकलं होतं, आपलं बॉलिंगच कमी पडलं. "शून्य विकेटवाल्याला कोन घेतंय, दादा," असं तो मलाच समजावायचा. नवं परांचीचं काम मागायला तो कोणाकडे गेला नाही, आणि फेब्रुवारीत शुक्रवारी खेळायला यायचाही थांबला. जर्सी धोंडीरामच घालायला लागला. मी बुकात हर्षल, दोन, हर्षल, तीन असं लिहीत राहिलो आणि मला स्वतःच्या अक्षराचीच शिसारी यायला लागली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तो निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, मी त्याच्या रूमवर गेलो. सामान पसरलेलं होतं. धोंडीराम बॅगेला दोरी आवळत होता आणि हर्षल काट्यावर वजन बघत होता. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नसरुद्दीनभाईंनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, त्यांनी कोणाला मनात धरलं होतं, आणि ते माझ्यामुळे कसं गेलं. धोंडीरामची दोरी हातातच राहिली. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की मी एक पाऊल मागे सरकलो.

हर्षल शिव्या देईल, अंगावर येईल, रडेल, या सगळ्याची मी तयारी करून आलो होतो. त्याने काटा खाली ठेवला.

"म्हंजी," तो म्हणाला, "त्यास्नी माझं बॉलिंग आवडलं हुतं?"

"हो."

"त्या दिवशीचं? शून्य विकेटचं?"

"त्या दिवशीचंच. सहा वर्षांत असा पोरगा बघितला नाही म्हणाले."

तो खाली बसला, भिंतीला पाठ लावून. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, आणि ते मला बघवेना.

"दादा," तो म्हणाला, "त्यांनी काय काय म्हटलं ते पयल्यापासनं सांगा. काय सोडू नका."

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसलो आणि मिडऑनच्या कॅचपासून सांगायला सुरुवात केली.